केंद्रातली बोळवण

—न्हाई साहेब, ती पिशवी राहू द्या तिथंच टेबलाखाली. पायात येऊन राहिली तर मी सरकवते, तुमी हात नका लावू. हां. बसा. त्याच खुर्चीत बसा, दुसरीचा पाय हलतो. सही करते ना — सही कुठं पळून चालली? पण काय लिहिलंय ते तर वाचू द्या. 'समुपदेशकाचे दरमहा पर्यवेक्षण झाले असून त्याची नोंद खालीलप्रमाणे.' चौदा महिने, चौदा रकाने. अन् तारखा तुमीच टाकून आणल्या, दर महिन्याचा पहिला गुरुवार, बराबर. हुशार हाय तुमी. पहिल्या गुरुवारीच यायच्या प्रेमाताई पर्यवेक्षणाला, तुमाला ठाऊक हाय ते. फक्त एवढंच, की या चौदा गुरुवारी कुणी आलं न्हाई. मी माझ्या खुर्चीत, समोर ती खुर्ची जिच्यात तुमी बसले, अन् मधे हा टेबल. आता तुमी म्हणता वरून तपासणी येणार, संस्थेचे कागद पुरे पाहिजेत, कळमनुरी केंद्राचा तेवढा एकच राहिला. व्हय, राहिला. या उन्हात हिंगोलीहून मोटरसायकलवर आले तुमी त्याच्यासाठी. मला समजतं. चांगुणाबाई सही करून टाकतील, चांगुणाबाई कटकट करत न्हाईत — असंच म्हणून निघाले असाल ना ऑफिसातून? म्हणू द्या. खरंच हाय ते. मी कटकट करत न्हाई.

किती वाजले? बारा वीस. दोन वाजता माझी एक केस हाय. त्याच्या आधी बी येईल, बाजाराचा दिवस हाय, जीप कवा मिळते काय नेम न्हाई. म्हणून माझं ध्यान दाराकडं लागून राहिलं, तुमी वाईट वाटून घेऊ नका. मी काय म्हणत होते? पर्यवेक्षण. तुमाला काय वाटतं साहेब, काय असतं ते? तुमी करता ती तपासणी. रजिस्टर उघडलं, केस किती आल्या, मिटल्या किती, खाली सही हाय का, संडासाला कडी हाय का. त्याची मला तकलीफ न्हाई, तुमचं काम हाय ते. ताई मात्र रजिस्टर उघडायच्याच न्हाईत. नांदेडहून पहिल्या बसनं यायच्या, डब्यात धपाटे असायचे, अन् बसल्या की पहिलं विचारायच्या, 'चांगुणा, या महिन्यात कोण डोक्यातून जात नाही?' बस. मग मी सांगायची. दिवसाला चार बाया, पाच बाया येतात साहेब इथं, एकेक जण पदर बाजूला करून पाठ दाखवते, अन् मी सहा वाजता कुलूप लावून घरी जाऊन भाकरी थापते — थापताना आवाज होतो ना हाताचा परातीवर, तो मला सहन होत न्हाई. मी पोळ्या करायला लागले. घरचे म्हणले काहून रोज पोळ्या? काय सांगू त्यांना? ताईला सांगितलं. ताई हसल्या न्हाईत. म्हणल्या, 'कधीपासून?' मी म्हणलं अमुक बाई येऊन गेली तवापासून. मग तासभर त्या बाईवर बोललो आमी. दुसऱ्या दिवशी मी भाकरी केली.

तीन गोष्टी विचारायच्या त्या, सहा वर्षं त्याच तीन. तू काय पाहिलंस? पाहून तुला काय झालं? आणि हे तिचं आहे का तुझं? एवढंच. मला सुरवातीला राग यायचा. एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई मी, मला काय लहान लेकरागत विचारून राहिल्या? एकदा एक म्हातारी आली होती सुनेची तक्रार घेऊन, मी तिला अशी झटकली, दोन मिनिटांत वाटेला लावलं. ताई म्हणल्या, 'तिचा आवाज कुणासारखा होता गं?' माझ्या सासूसारखा होता साहेब. हुबेहूब. त्या म्हातारीला सून दोन दोन दिवस जेवायला देत नव्हती, अन् मी सासूचा राग काढून तिला हाकलली. ताईनं विचारलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी हुडकत गेले तिच्या गावाला. मग ते पत्र आलं तुमच्या ऑफिसचं — समुपदेशक आता अनुभवी झालेले असल्यानं बाहेरच्या पर्यवेक्षकाची गरज उरली न्हाई, यापुढं महिन्याला फॉर्म भरून पाठवावा. अनुभवी. मला त्या दिवशी आनंद झाला होता साहेब, तुमाला खोटं काहून सांगू? मी ते पत्र घरी नेऊन दाखवलं.

फोन? केला की. पहिले दोन-तीन महिने केला. ताई आता पुण्याला लेकाकडं हायत, पुष्करकडं. उचलतात लगेच, आवाज ऐकला की खूश होतात. पण कानानं ऐकू येणं कमी झालं त्यांना. 'काय म्हणतेस? जरा मोठ्यानं बोल गं.' आता तुमीच सांगा, मोठ्यानं काय बोलू? नवऱ्यानं तिला कुठं अन् कशानं मारलं, हे मी मोठ्यानं बोलू? बाहेरच्या बाकड्यावर दुसऱ्या बाया बसलेल्या, भिंतीपलीकडं झेरॉक्सचं दुकान. शेवटी मी म्हणायची, काई न्हाई ताई, सगळं बरं हाय. अन् त्या म्हणायच्या, 'बरं असेल तर छान.' फोन ठेवला की मी या टेबलावर डोकं टेकवून बसायची. तुमी आले तवा बी तशीच बसले होते. तुमाला वाटलं मी झोपले. झोप कुठली साहेब.

काय बघून राहिले तिकडं? माझ्या डोक्यावर? हां, फोटो. तुमचाच हाय तो, तुमीच काढला, तुमीच फ्रेम करून पाठवला, अहवालाच्या पुस्तिकेवर बी तोच हाय. 'तुटता संसार सावरला.' चांगला आलाय. ती हसून राहिली, डोक्यावर पदर, हिरवी साडी, मी तिच्या खांद्यावर हात ठेवून, अन् तिचा नवरा बाजूला टोपी हातात घेऊन. त्या साडीचं सांगते तुमाला, रजिस्टरमधे न्हाई ते. समझोता झाला ना, नवरा-बायको एकत्र जायला तयार झाले, कागदावर सह्या झाल्या, की मी बाईची बोळवण करते. इथूनच. एक साडी, ब्लाऊजपीस, डब्यात चार पुरणाच्या पोळ्या. साड्या कपाटात ठेवूनच असते मी. कुणी सांगितलं न्हाई मला, माझं मीच सुरू केलं. काहून म्हणाल तर — या बाया कशा जातात हो इथून? कोर्टातून सुटल्यागत जातात, मान खाली घालून, नवऱ्याच्या मागं दहा पावलं. सासरचे म्हणतात, आली मोठी केस करून. तर मला वाटलं, लेक जशी माहेराहून जाते तशी जाऊ द्या. मागं कुणीतरी हाय हे त्यांना दिसू द्या. मी नवऱ्यासमोर म्हणायची, 'ही आता माझी लेक हाय, मी हिचं माहेर. तकलीफ द्यायची न्हाई.' बाया रडायच्या, माझ्या पाया पडायच्या. साहेब, मला लई बरं वाटायचं. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत जायची. तुमी पुस्तिकेत लिहिलं बी — केंद्राची आगळी माया.

ताईच्या वेळेला नव्हतं हे. ताई गेल्यावर सुरू केलं मी. हां, बराबर, ताई गेल्यावरच. आता बोलताना ध्यानात आलं.

तर आज ती येणार हाय. राणी. — बघा, नाव गेलं तोंडातून. केसचं नाव घ्यायचं न्हाई, तुमी संस्थेचे असले तरी न्हाई, हे ताईनं पहिल्या दिवशी शिकवलं मला. पण तुमाला ठाऊकच हाय, फोटो तुमीच काढला. सिद्धेश्वरकडची. नवरा धरणावर मासे धरतो, संतराम. चोवीस वर्षांची पोरगी, आई लहानपणीच गेली, बाप कुठं ऊसतोडीला गेला तो तिकडंच राहिला. माहेर म्हणून काई नव्हतंच तिला. मी म्हणलं, मी हाय. तवापासून दर महिन्याला बाजाराच्या दिवशी येते माझ्याकडं. येताना रिकाम्या हातानं येत न्हाई, कवा शेवग्याच्या शेंगा, कवा वाळवलेली मासळी पानात बांधून. मी विचारायची कसं चाललंय? 'बरं हाय माय.' आधी मला ताई म्हणायची, बोळवणीनंतर माय म्हणायला लागली. मी रजिस्टरमधे लिहायची, पाठपुरावा भेट, संसार सुरळीत. अकरा वेळा लिहिलंय. काढून बघा तुमी, अक्षर बी छान हाय.

पाणी प्या. मी पिते.

मागच्या खेपेला आली तवा तिनं चहा डाव्या हातानं घेतला. उजवा हात पदराखाली. मनगट सुजलेलं, एवढं — बांगड्या काढून टाकलेल्या, त्या हातात एकच काळा दोरा अन् तो बी रुतलेला. न्हाई न्हाई, तिनं दाखवला न्हाई, पदर सरकला तवा दिसला मला. अन् मी काय केलं साहेब? तुमाला काय वाटतं, मी काय केलं असेल? मी म्हणलं, हळद उकडायच्या कढईवर कामाला जाते काय गं? जपून जात जा. मीच. तिनं काई सांगायच्या आधी मीच तिला कारण हातात दिलं. ती म्हणली, 'व्हय माय, कढईचं झाकण लागलं.' झाकणानं मनगट सुजतं काय? मला कळत न्हाई काय? बारा वर्षं झाली मला या खुर्चीत, पिरगाळलेला हात मला बाहेरच्या रस्त्यावरून जाताना ओळखू येतो. मी तिच्या पिशवीत दोन बिस्किटाचे पुडे टाकले अन् तिला जीपपर्यंत सोडायला गेले. येऊन लिहिलं, संसार सुरळीत. बारावी वेळ. अकरा म्हणले ना मघाशी? बारा हायत. बारावी मी मोजत न्हाई.

काहून विचारलं न्हाई? हेच तर — हेच मला कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. तुमी आता भुवया वर केल्या, पण विचारलं न्हाई. मी मलाच विचारून राहिले चार आठवडे, पण स्वतःला विचारलं की माणूस स्वतःला सोडून देतं. फोटोमुळं? व्हय, असेल. पुस्तिका छापून गेली, पाहुण्यांच्या हातात गेली, आता ती पोरगी परत केस झाली तर माझी काय पत राहिली? हे एक. सांगून टाकते, लाज कशाची. पण एवढंच न्हाई. अजून काईतरी हाय अन् ते मला सापडत न्हाई, दाढेत काई अडकल्यागत. ताई असत्या तर —

एक सांगू? कुणाला सांगू नका. माझी आई कुरुंद्याची. मी लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेरी गेले तवा माझ्या या हाताला, इथं कोपराच्या वर, डाग होता भाजल्याचा. आई भाकरी करून राहिली होती चुलीपुढं. तिनं बघितला. चांगला बघितला, जाळ मोठा होता तवा. अन् म्हणली, 'तवा लागला काय? जपून करत जाय.' मी म्हणलं, व्हय माय, तवा लागला. तिनं माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली. चार दिवसांनी साडी नेसवून बोळवण केली माझी, मोटारस्टँडवर भाऊ आला सोडायला. बस निघाली तवा मी हसून हात हलवला. काहून हसले म्हणाल — आईचा जीव राहावा म्हणून. ती साडी नेसवून रडत होती, तिला कसं सांगायचं की मला पाठवू नको? लेक सांगत न्हाई साहेब. परक्या बाईला सांगेल, डॉक्टरला सांगेल, रस्त्यावरच्या पोलिसाला बी सांगेल एखादवेळ. आईला न्हाई सांगत. आईनं साडी नेसवून पाठवलेलं असतं.

आईनं साडी —

थांबा. थांबा जरा. बोलू नका. तुमी बोलतच न्हाई म्हणा.

ती मला 'ताई' म्हणत होती ना, तवा सगळं सांगायची. पहिल्या दिवशी आली तवा या खुर्चीत बसून तिनं पोटावरचा वळ दाखवला मला, न लाजता, काय काय झालं ते एका दमात सांगितलं. मी तिची कुणीच नव्हते म्हणून सांगितलं तिनं. अन् मी काय केलं? मी तिची माय झाले. साडी नेसवली, पोळ्या दिल्या, अन् तिचं तोंड बंद केलं. सांगायची एकच जागा होती पोरीला साऱ्या जिल्ह्यात, ती मी माहेर करून टाकली. आता ती माझा जीव राहावा म्हणून हसते. शेंगा घेऊन येते. अरे देवा. मी कुणाकुणाची केली हो बोळवण? चौदा महिन्यांत सतरा जणींची केली. सतराच्या सतरा म्हणतात बरं हाय माय.

नवरा? माझा? हाय की. आता मारत न्हाई. दोन वर्षांपासून खांदा जखडला त्याचा, हात खांद्याच्या वर जात न्हाई, डॉक्टर म्हणले वेळ लागेल. तवापासून घरात शांतता हाय. मी रोज तेल लावून चोळून देते, हळूहळू बरा होऊन राहिला. — हे का सांगितलं मी तुमाला? हे ऑफिसात कुणाला ठाऊक न्हाई. ताईला ठाऊक होतं. त्यांच्याजवळ हे ठेवायला जागा होती, तिथं ठेवून मी रिकामी होऊन बायांपुढं बसायची. आता कुठं ठेवू? घेऊनच बसते. पुढ्यात बसलेलीचं अन् माझं एका गाठोड्यात.

सकाळी फोन आला होता. राणीचा न्हाई, तिच्याजवळ कुठला फोन. संतरामचा. 'ताई, तुमची लेक रुसून कपड्याची पिशवी घेऊन निघाली, तुमच्याकडंच येईल. तुमीच समजावा अन् लावून द्या, मी दोन वाजता न्यायला येतो.' किती गोड बोलतो माहीत हाय, तुमी बी म्हणले होते फोटो काढताना, किती समजूतदार माणूस हाय. तुमची लेक. म्हणजे बघा, माझाच शब्द माझ्याच गळ्यात बांधला त्यानं. अन् मी म्हणलं, बरं. बरं म्हणून फोन ठेवला साहेब. मला काय करायचं हे ठाऊक न्हाई असं न्हाई. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर भिंतीवर हाय. सरकारी दवाखाना दोनशे पावलांवर, हाताचा फोटो काढायचा, डॉक्टरचा कागद घ्यायचा, तिला विचारायचं तुला काय पाहिजे, निवाऱ्याला ठेवायची सोय करायची. झोपेतून उठवून विचारा, पाठ हाय मला. चार प्रशिक्षणं झाली, प्रमाणपत्रं त्या फाईलीत हायत. पण बरं म्हणल्यावर माझे पाय कुठं गेले ठाऊक हाय? बाजारात. ती टेबलाखालची पिशवी — साडी हाय तिच्यात. जांभळी. कपाटातल्या संपल्या होत्या, म्हणून सकाळीच घेतली, नऊ वाजता, दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले मी.

आता कळलं तुमाला? म्हणून मी पिशवीला हात लावू देत न्हाई. मी तिला परत पाठवणार होते साहेब. तिच्या सुजलेल्या हातात साडी देऊन.

म्हणून मी तुमाला हात जोडते, तो कागद जरा बाजूला ठेवा. मी सही करते, चौदाच्या चौदा करते, तुमचं काम अडवणार न्हाई. पण त्याच्या आधी एक अर्धा तास मला विचारा. ते तिन्ही सवाल मी लिहून देते, हे घ्या, या चिठ्ठीवर लिहिले. तुमाला काई कळायची गरज न्हाई, सल्ला द्यायचा न्हाई, नुसतं वाचायचं अन् मी बोलते ते ऐकायचं. काय पाहिलंस. तुला काय झालं. हे तिचं का तुझं. वाचा ना. एवढं मोठं काय हाय त्याच्यात? घड्याळ नका बघू. दोनपर्यंत ते दोघं येतील, अन् माझा माझ्यावर भरोसा न्हाई. मी पोरीला बघितलं की माझा हात पिशवीकडं जाईल. मला आतून ठाऊक हाय. कुणीतरी विचारल्याशिवाय मी थांबत न्हाई. वाचा.

न्हाई?

बरं. फोन घ्या तुमचा, वाजून राहिला.

झालं बोलणं? मग एक करा. उठा जरा. ताई असंच करायच्या, जवा मी अडायची तवा. म्हणायच्या, 'माझ्याशी बोलू नको, तिच्या खुर्चीत बस आणि तिचं बोल.' तुमी या इकडं भिंतीला टेका. मी बसते तिथं. मला मेलीला चौदा महिन्यांत सुचलं न्हाई, एकटीनं कसं बसायचं, येड्यागत वाटतं. आता बसते. हां. बसले. मी राणी. हातात शेंगांची जुडी, पदर घट्ट. समोर माय बसली. माय विचारते कसं चाललंय.

साहेब.

इथून फोटो दिसतो.

माझ्या खुर्चीतून न्हाई दिसत, माझी पाठ असते त्याला. इथून तोच दिसतो, दुसरं काईच दिसत न्हाई. मायच्या डोक्यावर मी. हसून राहिले मी. हिरव्या साडीत, तो टोपी घेऊन उभा अन् मी हसून राहिले. महिन्यामागं महिना पोरगी इथं बसली अन् हे बघत राहिली. मी विचारायची कसं चाललंय, अन् पोरीला आपलंच हसतं तोंड दिसायचं माझ्या डोक्यावर. काय सांगेल ती? ती बरं हायच म्हणेल. तुमी मघापासून बसले इथं, तुमाला दिसत होतं. व्हय, तुमी बघत होता. तुमाला वाटलं किती छान आलाय.

काढा तो. तुमी उंच हाय, मला स्टूल लागतं. खिळ्यासकट येऊ द्या. भिंत खराब होईल तर होऊ द्या. घेऊन जा ऑफिसात, तुमचाच हाय. हां, घ्या, पदरानं पुसून देते, धूळ हाय.

दारात सावली पडली. — एकटीच हाय. अजून एक वाजला न्हाई, पायीच आली दिसते स्टँडपासून. साहेब, आता जा तुमी. न्हाई, सही न्हाई. कागद बिनसहीचाच न्या, तारखा खोडून, कोरा. कोरा खरा हाय तो. वर विचारलं तर सांगा, चांगुणाबाईनं कटकट केली. अन् ही पिशवी बी न्या. घ्या म्हणते ना — कुणाला द्यायची त्याला द्या, दुकानात परत करा, मला इथं नको ती, हात जातो माझा. बाहेर संतराम भेटला तर काई बोलू नका, गाडी चालू करा अन् जा. दार लोटून घ्या मागं.

ये राणी. ठेव ती पिशवी. न्हाई, पाया नको पडू. उठ. इथं बस, या खुर्चीत. भिंतीकडं काय बघते, काढला तो. शेंगा राहू दे. माझ्याकडं बघ. मी तुझी माय न्हाई गं, अन् हे तुझं माहेर बी न्हाई.

हात दाखव.